लिंबाजीमामा जॅकवाले

लिंबाजीमामा माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या जॅकशी बोलत. तुम्ही दुकानात शिरून रामराम घाला, घरच्यांची खुशाली सांगा, काही उपयोग नाही. त्यांची नजर तुमच्या हातातल्या लोखंडावर. जॅक खाली टेकला की मामा उकिडवे बसत, त्याच्या पोटावरून हात फिरवत, हँडल एकदा हलकंच दाबत, कान जवळ नेत आणि वर न बघताच विचारत, "चढत न्हाई, का चढून राहत न्हाई?"

ज्याला याचं उत्तर नीट देता आलं नाही, त्याला मामा ड्रायव्हर मानायलाच तयार नसत. कारण हे दोन वेगळे आजार. चढत नाही म्हणजे पोटात तेल कमी, नाहीतर हवा शिरलेली. चढतो पण ओझ्याखाली हळूहळू बसत जातो, म्हणजे वॉशर गेलेला, नाहीतर आतल्या छर्र्याच्या घरात कचरा. सगळं तेल कोंडून धरायचं काम त्या मुगाएवढ्या पोलादी छर्र्याचं. तो आपल्या घरात चपखल बसला तर ट्रक धरील, आणि धुळीचा एक कण आडवा आला तर सायकलसुद्धा धरणार नाही. हवेला मामा 'गॅस' म्हणत. उतरवायची चावी ढिली करून ते हँडल भराभरा हापसत, फुस्स करून हवा निघाली की मालकाची पाठ थोपटत, जणू ढेकर त्यालाच आला.

दुकान नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, बियाण्यांच्या दुकानांच्या मागच्या अंगाला. पुढं पत्र्याचं छप्पर, त्याच्या मागं राहायची खोली, मधे एक दार. मी तेव्हा जाफराबाद-जालना जीप चालवायचो. माझ्या जीपमध्ये इतकी माणसं मावत की जालन्याला पोचल्यावर आधी कुणाचा पाय कुणाचा हे ठरवावं लागे, मगच माणसं उतरत. एकदा टेंभुर्णीच्या एका नवरदेवाच्या वाटणीला तिसरा पाय आला होता म्हणतात. अशा जीपचं टायर बसणार नाही तर काय होणार? टायर बसलं की जॅक, आणि जॅक रुसला की लिंबाजीमामा. असं करता करता जॅक धडधाकट असला तरी माझे पाय तिकडंच वळायला लागले.

मामा दिसायला बुटके आणि रुंद. देवानं मान द्यायची विसरून डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. टोपी पांढरी म्हणून विकत आणलेली, पण तिनं दुकानात पाऊल ठेवल्या दिवशीच तो नाद सोडला. ती पिळली असती तर दोन जॅकचं तेल निघालं असतं. माझ्याकडच्या बाटलीसारख्या उभ्या जॅकला ते जॅक मानत, पण वरवर. त्यांचा खरा जीव गॅरेजात गाडीखाली सरकवतात त्या चाकांवरच्या लांबोड्या ट्रॉली जॅकवर. त्याला ते घोरपड म्हणत. "एकदा धरलं की सोडत न्हाई," हे कारण. त्याची चाकं ते ग्रीस लावून अशी मऊ ठेवत की दुकानात कुणी शिंकलं तर घोरपड रस्त्यावर जायची.

आणि मधल्या दाराच्या उंबऱ्यावर कौसामामी. हातात अडकित्ता, मांडीवर सुपारीची डबी आणि तोंडात साऱ्या मराठवाड्याच्या ड्रायव्हरांचा उद्धार. दुकान मामांचं होतं, पण राज्य मामींचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या त्यांना 'जॅकवाले' म्हणत. "आवं जॅकवाले, तो उभा राह्यलेला माणूस हाय, त्यालाबी पाहा जरा," असं त्यांनी म्हटल्यावर मामांना गिऱ्हाइकाचा चेहरा दिसायचा.

एकदा टेंभुर्णीचा सर्जेराव आला. हा दुसरा जीपवाला, अंगानं मोठा, मनानं त्याहून मोठा, आणि डोक्यानं जरा थांबून थांबून चालणारा. त्याचा जॅक अर्ध्यात ताठ होऊन बसला होता. वर नाही, खाली नाही. मामांनी तेलाचं बूच काढलं, वास घेतला आणि जॅक मामींपुढं धरला. मामींनी बोट घातलं, चोळलं, हुंगलं.

"करडीचं हाय," त्या म्हणाल्या. "घाण्यावरचं. आता मोहरी टाकून फोडणीच दे याला."

झालं होतं असं की रस्त्यात तेल कमी पडलं. गाडीत एक बाई घाण्यावरून करडईच्या तेलाचा डबा घेऊन बसलेली. सर्जेरावानं तिची मिनतवारी करून वाटीभर तेल जॅकला पाजलं. जॅक चढला. त्यावर हा पठ्ठ्या महिनाभर गावोगाव सांगत फिरला की जॅकचं तेल हे शहरातल्या लोकांचं थोतांड आहे. पण करडईचं तेल ते. कढईच्या काठाला चिकटतं तसं आत चिकटून त्याचा डिंक झाला. मामांनी जॅक पुरता खोलला, भाग भाग रॉकेलनं धुतला, नवे वॉशर घातले, जॅकचं तेल भरलं. तोवर मामींनी सर्जेरावाला उंबऱ्यापाशी बसवून असं झोडपलं की त्यानं जन्मभर करडईची भाजीसुद्धा खाल्ली नाही. जाताना मात्र त्याला भाकरी-ठेचा बांधून दिला. तेव्हापासून सर्जेराव जालन्याला आला की दुकानात येऊन मामांचे हात बघत बसायचा. कुणाचे उपकार झाले की त्याला झोप लागत नसे. कधीतरी फेडायचेच, हे त्याच्या मनात पक्कं.

दुरुस्त केलेला जॅक मामा तसाच हाती देत नसत. दुकानात एका भंगार ट्रकचा सांगाडा पडून होता. जॅकनं तो उचलायचा आणि सांगाडा नि खालची वीट यांच्या फटीत आगपेटीची एक काडी उभी करायची. मग मामा जेवायला बसत. जेवण, सुपारी, चहा, सगळं यथासांग. परत येऊन बघायचं. जॅक केसभर जरी बसला तरी काडी मोडायची. काडी मोडली की जॅक नापास. कितीही घाईचा माणूस असो, जॅक पुन्हा खोलला जाणार. पास झालेल्या जॅकबरोबर बाभळीचा एक ठोकळा मिळायचा आणि एक वाक्य. "जॅक उचलायला. धरायला ठोकळा. नुसत्या जॅकच्या भरवशावर वझ्याखाली जायचं न्हाई, सख्ख्या भावाचा जॅक असला तरी." ते स्वतःही कधी गेले नाहीत.

काडी परीक्षेला बसलेली असताना गप्पांचा फड पडायचा. आता मी काही खोटं बोलत नाही, कधीकधी खऱ्याला थोडं ग्रीस लावतो. पण मामांपुढं मी हरिश्चंद्र. एकदा मी सांगितलं की माझी जीप खड्ड्यात अशी आपटली की मागच्या सीटवरची म्हातारी उडून पुढच्या सीटवर आली आणि तिनं पुढच्या सीटचं भाडं द्यायला नकार दिला. मामा शांतपणे म्हणाले, "हे काहीच न्हाई. सळईच्या कारखान्यातला एक ट्रक माल भरून फसला व्हता. म्या घोरपड लावली, हापसत गेलो. ट्रक हालंना. पाहातो तं ट्रक तिथंच, जमीन खाली चालली. म्हणून तं स्टेशनाकडं उतार हाय."

उंबऱ्यावरून अडकित्त्याचा आवाज आला. कट्ट. "खोटं," मामी म्हणाल्या.

हा निकाल. त्यावर अपील नाही. कोणतीही थाप असो, मामी ती शेवटपर्यंत ऐकून घेत, सुपारी कातरत आणि तेवढा एकच शब्द टाकत. मला तर वाटतं, मामा थापा मारत ते आमच्यासाठी नव्हेच.

मग एका हिवाळ्यात मामींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून आणल्यावर त्यांची खाट मागच्या खोलीत पडली आणि उंबरा रिकामा झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवसभर आडवं ठेवू नका, अधूनमधून पाठ उचलून बसतं करा. पण उचलायचं कसं? खांद्याला हात लागला की मामी कळवळत. उशा रचल्या तर घसरत. बसत्या केल्याच तर परत आडवं करताना जो हिसका बसे त्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई.

याहून वाईट आणखी एक होतं. खाटेवरून मामींना दुकान दिसत नव्हतं. मधे मामांचं कामाचं टेबल. आडव्या माणसाला त्या टेबलाचे पाय दिसणार, फार तर आमच्या चपला. आमचे आवाज आत जायचे आणि मामी डाव्या हातानं चादर ओढत राहायच्या. मामा गप्प झाले. जॅक यायचे, काड्या उभ्या राहायच्या, पण काडी परीक्षेला बसली की मामा आत जाऊन बसायचे. एकदा मला म्हणाले, "जगन्नाथ, ती दार पाहून राह्यली रे. तिला एकडाव रस्ता दिसला पाह्यजे. मंग पुढचं पुढं."

काही दिवसांनी दुकानात गेलो तर लोखंडी खाट उलटी पडलेली. मामांनी तिच्या फळीचे दोन भाग करून कमरेपाशी बिजागऱ्या लावून घेतल्या होत्या. पायाकडची अर्धी फळी पक्की, डोक्याकडची वर होणारी. त्या फळीखाली, खाटेच्या चौकटीच्या आत, घोरपड. हँडल हापसलं की पाठ वर. इथवर ठीक. पण उतरवायचं काय? चावी फिरवली की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. आम्हा जीपवाल्यांना त्याचं काय, पण मामींना तो हिसका सोसायचा नव्हता.

त्यावर मामांनी जे केलं ते अख्ख्या मराठवाड्यात कोणत्याही जॅकवाल्यानं केलं नसेल. त्यांनी आपली घोरपड बिघडवायला घेतली.

वाटतं तितकं सोपं नाही ते. ज्या छर्र्याचं घर आयुष्यभर घासून पुसून चकचकीत ठेवलं, त्याच घरावर आता पॉलिश पेपरचा कोपरा फिरवायचा. जरा जास्त फिरला की फळी धाडकन खाली. जरा कमी, तर जागची हलत नाही. मामा घासत, पुन्हा जोडत, तेल भरत, फळीखाली काडी उभी करत आणि ती मोडायची वाट बघत. उन्हातल्या सावलीसारखी फळी उतरली पाहिजे, असं त्यांचं माप. दिसता कामा नये, पण दुपारपर्यंत माणूस आडवा झाला पाहिजे. रस्त्यावरून येणाऱ्या जॅकांना बरं करणारा हा माणूस घरात एकाच जॅकला बराबर आजारी पाडायला झटत होता.

माणसाच्या वजनाची परीक्षा माझ्यावर झाली. मामी खाली गादीवर, मी त्यांच्या खाटेवर. मामांनी मला हापसून बसता केला आणि गप्पा मारत राहायला सांगितलं. मी सुरू केलं. भोकरदनच्या यात्रेला जाताना माझ्या जीपचं स्टेअरिंग हातात निघून आलं आणि ते दोन मैल माझ्या लक्षातच आलं नाही, कारण जीपला रस्ता पाठ होता. बोलता बोलता माझा आवाज जड झाला, समोरचं टेबल उंच होत गेलं, आणि केव्हा डोळा लागला ते कळलंच नाही. जागा झालो तेव्हा मी सपाट आडवा आणि मामा उंबऱ्यावर बसून हसत होते. कित्येक दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी मामींना बसवलं. मामा एकेक दाब देत होते, प्रत्येक दाबाला तोंडाकडं बघून. मामींचं कपाळ टेबलाच्या वर आलं, मग डोळे. दुकान दिसलं, भंगार सांगाडा दिसला, पलीकडं रस्ता, रिक्षा, पोती भरलेली हातगाडी. दुकानात आम्ही चारदोन ड्रायव्हर होतो. शाळेत साहेब आल्यासारखे उठून उभे राहिलो. मामा हँडल सोडून टेबलापाशी आले, घसा खाकरला आणि सांगायला लागले की काल एक माणूस जॅक घेऊन आलता, त्या जॅकनं त्यानं सोयाबीनचं पीक वर उचललं, हातभर होतं ते कमरेएवढं झालं.

मामी ऐकत होत्या. तोंडाची डावी बाजू हलली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"खोतं," त्या म्हणाल्या.

मामांनी हातातल्या तेलकट फडक्यानं तोंड पुसलं. त्यामुळं तोंड पुसलं गेलं नाही, काळं झालं. तसंच काळं तोंड घेऊन ते दिवसभर गिऱ्हाइकं करत राहिले.

त्यानंतर हा रोजचा रिवाज झाला. सकाळी मामी वर यायच्या, दुकान चालवायच्या, त्या एका शब्दावर, आणि ऊन डोक्यावर येईतो हळूहळू टेबलाआड जायच्या. शेवटी शेवटी नुसतं कपाळ दिसे. मग तेही नाही. तोवर त्यांचा डोळा लागलेला असे. चावीला हात लावायची गरजच उरली नव्हती. ती बिनवापरानं जाम होऊन गेली.

आणि इथंच सर्जेरावाच्या उपकार फेडण्याला मुहूर्त लागला. मामा सामान आणायला बाहेर गेले होते. सर्जेराव मामींपाशी बसला होता. बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं की फळी उतरून राह्यली. घोरपड मुद्दाम बिघडवलेली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं आपल्याला जॅक शिकवला त्याच्याच घरात जॅक बसावा, आणि त्याच्यावर मामी, हे त्याला बघवेना. मामी खाली येऊन झोपल्यावर यानं घोरपड अलगद ओढून काढली, खोलली, घर साफ केलं, नवा छर्रा घातला, पितळी ठोकणीनं हलकी ठोक देऊन चपखल बसवला, मामांचे हात बघून शिकला होता तसाच. वॉशरही बदलले. घोरपड जागेवर ठेवली आणि कुणाला न सांगता, मोठं पुण्य पदरी पडल्याच्या आनंदात टेंभुर्णीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामी बसल्या त्या बसल्या. ऊन वर आलं, टेबल जिथल्या तिथं. मामी थकल्या, मान कलंडायला लागली, कण्हायला लागल्या. मी तेव्हा दुकानातच होतो. मामांनी चावीला हात घातला, ती हलेना. पान्यानं हिसका दिला तर सुटली असती, पण एकदम. मी म्हटलं, उचलून घेऊ दोघं. मामांनी नुसता खांद्याला हात लावून बघितला आणि मामी ओरडल्या.

यापुढचं मी जसं झालं तसं सांगतो, ग्रीस न लावता. मामांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं डोकं पाहिलं, पिकलेलं, बारीक. ते खाटेखाली शिरले, चौकटीच्या आत हात-गुडघे टेकले आणि पाठ फळीला लावली.

"मी उचलतो," खालून आवाज आला. "जरा हलकं झालं की घोरपड ओढून घे. जल्दी करू नको."

फळी बोटभर वर गेली. मी घोरपड काढली. आता मामी त्यांच्या पाठीवर होत्या. मग मामा उतरायला लागले. आधी कोपरं वाकली, मग ती भुईला लागली, मग छाती खाली खाली. मला त्यांची मनगटं थरथरताना दिसत होती, पण वरची चादर हलत नव्हती. मामींचं कण्हणं थांबलं. किती वेळ लागला कुणास ठाऊक, बाहेर एक ड्रायव्हर जॅक घेऊन आला, उभा राहिला, आणि ओट्यावर बसला. फळी चौकटीवर टेकली तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. मामा खालून रांगत बाहेर आले, भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ धापा टाकत राहिले. मामींचे डोळे मिटलेले होते.

सर्जेराव दोन दिवसांनी आला, चेहरा शाबासकी घ्यायला धुऊन आणलेला. मी त्याला सगळं सांगितलं तसा तो मोठा माणूस उंबऱ्यापाशी बसून पोरासारखा रडायला लागला. मामांनी घोरपड खोलून बघितली होती. ते त्याच्याजवळ येऊन बसले.

"काम बराबर केलंस," ते म्हणाले. "काडी ठेवून पाह्यलं म्या. रातभर मोडली न्हाई. माझ्यानंबी असं झालं नसतं." मग पॉलिश पेपर त्याच्या हातात दिला. "आता बिघडवू लाग मला."

दोघं मिळून ती पुन्हा बिघडवत बसले. मामी आणखी काही वर्षं त्या खाटेवरून दुकान चालवत राहिल्या आणि मग एका उन्हाळ्यात गेल्या. माझीही जीप सुटली, मी गावाकडं शेती बघायला लागलो, जालन्याला जाणं कमी झालं. आता जॅक बिघडला की लोक नवा आणतात. चढत नाही की चढून राहत नाही, हे विचारायला कुणी उरलं नाही, आणि मला कधीकधी वाटतं, आपल्यालाही कुणी एकदा पोटावरून हात फिरवून विचारावं.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते असंच. बियाण्यासाठी जालन्याला गेलो होतो, दुपारच्या आधी दुकानाकडं वळलो. दुकान उघडं, मामा दिसेनात. टेबलावर एक खोललेला जॅक, फडक्यावर नीट मांडलेले भाग. हाक मारायला तोंड उघडलं, आणि टेबलापलीकडं, मधल्या दारातून, टोपी दिसली.

मामा मामींच्या खाटेवर होते, पाठ उचलून बसलेले. तोंड रस्त्याकडं होतं. रिक्षा जात होत्या, समोरच्या दुकानातला हमाल पोत्यावर बसून भाकरी खात होता. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे उघडे होते, पण ते कुठं पाहत होते ते मला सांगता येणार नाही, आणि बनवून सांगायची इच्छाही नाही. मी जागच्या जागी उभा राहिलो. हनुवटी टेबलाच्या काठाला लागली. मग मिशी गेली. मग डोळ्यांना काठ आला.

तेवढ्यात मागून एक ट्रकवाला घाईघाईनं आत आला, खांद्यावर जॅक. कुणी हाय का, म्हणून हाळी द्यायला त्यानं मान वर केली. मी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"थांब जरा," मी म्हटलं. "मामा खाली येऊन राह्यले."